लंडनहून आणलेल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीचा विमा बेळगावात होतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चुलतभाऊ लंडनहून कायमचा टिळकवाडीत परत येतोय. दोन वर्षं वापरलेली, दोन लिटर पेट्रोल इंजिनची, उजव्या स्टिअरिंगची गाडी सोबत आणायची म्हणतो. इथल्या दोन एजंटांनी सांगितलं, "इंपोर्टेड गाडीचा विमा होत नाही." खरं आहे का?

खरं नाही. होतो. त्या दोघांनी नाही का म्हटलं, ते मात्र मला नीट कळतं, कारण मीही गोवावेसकडे वीसेक वर्षं हाच धंदा करतोय आणि एकदोघांना मीही असंच परतवलंय. नेहमीच्या गाडीची पॉलिसी दहा मिनिटांत निघते. इंपोर्टेडची काढायला दहा दिवस जातात.

स्टिअरिंगची काळजी तर सोडूनच द्या. आपल्याकडे गाड्या उजव्या स्टिअरिंगच्याच असतात, त्यामुळे विमा कंपनीला त्यात वेगळं काही दिसत नाही. अडतात ते आखातातून येणारे. खानापूर, निपाणीकडची कितीतरी मुलं तिकडे आहेत आणि वर्षाला एखादा तरी विचारतोच, "दुबईतली गाडी घेऊन येऊ का?" तिकडची गाडी डाव्या स्टिअरिंगची, ती बंदरातच अडते. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, जपान इथून येणाऱ्यांना निदान हा प्रश्न नाही.

विम्याआधीचं एक सांगून टाकतो, कारण ते जमलं नाही तर पुढचं वाचायची गरजच नाही. वापरलेली गाडी बनवल्याच्या तारखेपासून तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, ती फक्त मुंबई बंदरातून येते आणि पुण्याच्या एआरएआय किंवा नगरच्या व्हीआरडीईसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थेचा दाखला लागतो. कस्टम ड्युटी गाडीच्या किमतीपेक्षा जास्त भरावी लागते. हे आकडे ऐकून भावाचा विचार बदलला तर वाईट वाटून घेऊ नका, बहुतेकांचा बदलतो.

आता विमा. थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा, कायद्याने सक्तीचा असलेला भाग, हा भांडणाचा विषयच नाही. त्याचा दर सरकार ठरवतं. गाडी विलायती की गुरगावची, हे त्यात बघत नाहीत, इंजिन किती सीसीचं तेवढंच बघतात. १५०० सीसीच्या वर वर्षाला ७,८९७ रुपये, अधिक जीएसटी काय असेल तो. २०२२ च्या जूनमध्ये लागू झालेला हा दर आहे, भरायच्या दिवशी एकदा खात्री करून घ्या.

खरी गाठ पडते ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात, आपण ज्याला 'फुल इन्शुरन्स' म्हणतो त्यात. तिथे पहिला प्रश्न आयडीव्हीचा, म्हणजे गाडी पूर्ण गेली तर कंपनी किती पैसे देणार याचा. इथल्या गाडीची शोरूमची किंमत घ्यायची आणि वयाप्रमाणे घसारा वजा करायचा: एक ते दोन वर्षांना २० टक्के, दोन ते तीनला ३०, चार ते पाचला ५०. पण जी गाडी इथे विकलीच जात नाही, तिची शोरूमची किंमत आणायची कुठून? तिथे बिल ऑफ एंट्री, म्हणजे गाडी आयात करताना कस्टम्सला दिलेला कागद, कामाला येतं. गाडीची किंमत, जहाजाचं भाडं, भरलेली ड्युटी हे सगळं त्या कागदावरून सिद्ध होतं. आयडीव्ही कोणत्या आकड्यावरून काढली, हे कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या. तोंडी ठरलेलं क्लेमच्या दिवशी कुणालाच आठवत नाही.

दुसरी भानगड कंप्युटरची, आणि इथे मी स्वतः तोंडावर पडलोय. आमच्या पोर्टलवर गाडीची कंपनी, मॉडेल, व्हेरिएंट यादीतून निवडावं लागतं. शहापूरच्या एका गिऱ्हाइकाची परदेशातून आणलेली गाडी होती. तिचं व्हेरिएंट यादीत नव्हतं. कंपनीच्या ऑफिसातून फोनवर सांगितलं, "जवळचं मॉडेल घ्या हो, काही होत नाही." मी घेतलं. पॉलिसी निघाली, सगळे खूश.

आषाढात तो गोव्याला निघाला आणि कणकुंबीच्या पुढे चोर्ल्याच्या रस्त्यावर गवा आडवा आला. माणसं वाचली, गवाही निघून गेला, गाडीचा डावा हेडलॅम्प आणि बोनेटचा कोपरा गेला. दुसऱ्या दिवशी हा गृहस्थ तो फुटका हेडलॅम्प जुन्या टॉवेलात गुंडाळून माझ्या ऑफिसात घेऊन आला. टेबलावर ठेवला तर आतलं पावसाचं पाणी माझ्या पावती-बुकावर सांडलं. सर्व्हेअरने, म्हणजे नुकसान तपासायला आलेल्या माणसाने, लॅम्प उलटा करून मागच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर वाचला आणि पॉलिसीवरच्या मॉडेलच्या कॅटलॉगात शोधला. सापडला नाही. सापडणार कसा, मॉडेलच दुसरं.

मग दोन महिने पत्रापत्री. पॉलिसीवरची गाडी आणि रस्त्यावरची गाडी एकच आहे, हे सिद्ध करायला चासी नंबर कामी आला, तो मी बरोबर टाकला होता म्हणून क्लेम तरला. पण पैसे मिळाले ते इथल्या मॉडेलच्या लॅम्पच्या किमतीवर. बाहेरून विमानाने मागवलेल्या लॅम्पचं भाडं नाकारलं. त्या पॉलिसीच्या बारीक अक्षरांतल्या अटींत लिहिलेलंच होतं: देशात न मिळणाऱ्या पार्टचा वाहतूक खर्च मिळेल, पण विमानाचा सोडून. त्यात वर लॅम्पचं कव्हर प्लास्टिकचं. काचेला घसारा लागत नाही, प्लास्टिकला ५० टक्के लागतो. "समोरून तर काचच दिसते की हो," गिऱ्हाईक म्हणालं. सर्व्हेअरने त्यावर नखाने टकटक करून दाखवलं. तोवर गाडी उद्यमबागेत, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, ताडपत्रीखाली उभी. बोनेट तिथल्या कारागिराने असं सरळ केलं की कंपनीच्या वर्कशॉपलाही जमलं नसतं, पण लॅम्प काही उद्यमबागेत ओतून मिळत नाही.

त्यानंतर मी पोर्टलवर 'जवळचं मॉडेल' कधीच निवडलं नाही. असली गाडी आली की ऑफलाइन कोटेशन मागवायचं: बिल ऑफ एंट्री, ड्युटीची पावती, तपासणी संस्थेचा दाखला, परदेशातलं नोंदणीपत्र आणि चासी नंबरचा फोटो, सगळं वरच्या ऑफिसातल्या अंडररायटरला, म्हणजे विमा द्यायचा की नाही ते ठरवणाऱ्याला, पाठवायचं. वेळ लागतो, लागू दे. तुमच्या भावाची गाडी विलायतेची, म्हणजे तिला १७ अक्षरांचा चासी नंबर असेल, तो सिस्टिममध्ये बसतो. जपानच्या घरच्या बाजारातल्या गाड्यांचे नंबर त्याहून लहान असतात. तिथे काही पोर्टल अडून बसतात आणि मग कुणीतरी शहाणा पुढे शून्यं लावून १७ करतो. असं कुणी सुचवलं तर तिथून उठा.

झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, मागून बघा. मिळालं तर त्या प्लास्टिकच्या ५० टक्क्यांची कटकट मिटते, पण इंपोर्टेड गाडीला सगळ्या कंपन्या देत नाहीत. टो करण्याचंही विचारा. साध्या पॉलिसीत त्यासाठी १,५०० रुपयांपर्यंतच मिळतात. असल्या गाडीचं वर्कशॉप बेळगावात नसलं तर ती कोल्हापूर, हुबळी किंवा थेट पुण्याला न्यावी लागणार. १,५०० रुपयांत ती निपाणीही गाठणार नाही.

भावाचा तिकडचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, वाया घालवू नका. तिकडच्या विमा कंपनीकडून क्लेम नसल्याचं पत्र निघायच्या आधीच घ्यायला सांगा. परदेशातली पॉलिसी संपून तीन वर्षांच्या आत इथे विमा घेतला तर तो बोनस धरण्याची सोय टॅरिफमध्ये, म्हणजे मोटार विम्याच्या नियमावलीत, आहे. हे बऱ्याच एजंटांनाही माहीत नसतं, तुम्हीच आठवण करून द्या.

पासिंगबद्दल, म्हणजे आरटीओतल्या नोंदणीबद्दल, तुम्ही विचारलेलं नाही, पण कुणीतरी सल्ला देणारच: "चंदगडला मावशी आहे ना, तिच्या पत्त्यावर एमएच-०९ करून टाका." कर्नाटकात २० लाखांवरच्या गाडीला आजीवन कर १८ टक्के आणि वर सेस, म्हणून महाराष्ट्रातल्या, कोल्हापूरच्या नंबराचा हा मोह. विम्यात त्याने एक पैसा वाचत नाही, कारण खासगी गाडीच्या दरासाठी मोठी आठ शहरं ए झोनमध्ये आणि बाकी सगळे बी झोनमध्ये. बेळगावही बी, कोल्हापूरही बी. उलट गाडी कायम टिळकवाडीत उभी आणि कागदावर चंदगड, हे क्लेमच्या वेळी सर्व्हेअरच्या नजरेतून सुटत नाही. परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवली तर नोंदणी बदलावीच लागते.

गाडी आणण्याऐवजी कुणी इथेच 'आलेली' इंपोर्टेड गाडी स्वस्तात देतो म्हणाला तर आधी बिल ऑफ एंट्री मागा. कारनेटवर, म्हणजे परत न्यायच्या बोलीवर तात्पुरत्या आणलेल्या गाड्याही विकल्या जातात. २०२५ च्या सप्टेंबरात केरळात भूतानमार्गे आणल्याच्या संशयावरून कस्टम्सने कितीतरी गाड्या उचलल्या. त्यांची आरसी बुकं वरवर ठीकच दिसत होती. अशी गाडी जप्त झाली तर विमा कंपनी काही देत नाही. पॉलिसी अपघात, चोरी, आग, पूर यांची असते, कस्टम्सची नव्हे.

मुंबईहून बेळगावपर्यंत गाडी ट्रकवर आणणार असाल तर त्या प्रवासाचा ट्रान्झिट विमा वेगळा घ्या. आणि भावाला आजच सांगा, डॅशबोर्डचा एक फोटो पाठव. स्पीडोमीटर किलोमीटरचा लागतो, विलायतेतला मैलांचा असतो. काही गाड्यांत बटण दाबून बदलता येतो, काहींत डायलच बदलावा लागतो. ते काम तिकडे करून आणणं इथल्यापेक्षा सोपं.