पत्रा ड्रिलसोबत फिरतो, काय करू?

प्रश्न: घरीच टेबलावर ड्रिल मशीन बसवलंय. काल पातळ पत्र्याला १० मिमीचं भोक पाडताना पत्रा हातातून निसटून बिटासोबत गरगर फिरला, ग्लोव्ह्ज होते म्हणून वाचलो असं वाटतंय. काय चुकलं?

उत्तर: हात शाबूत आहे हे वाचून आधी हायसं वाटलं. बिट आरपार निघायच्या क्षणी त्याची धार पत्र्याच्या कडेत अडकते आणि पत्रा पात्यासारखा फिरतो, तो हाताने थांबत नाही, कितीही ताकद लावा. म्हणून पत्र्याखाली लाकडी फळी ठेवा, पत्रा आणि फळी क्लॅम्पने टेबलाला आवळा आणि शेवटी दाब कमी करा. आणि ग्लोव्ह्जने वाचलात हे डोक्यातून काढाच, फिरत्या बिटात ग्लोव्ह अडकला तर बोटं सोबत ओढली जातात, तेव्हा मशीन चालू असताना ग्लोव्ह्ज नकोतच, सैल बाही, मोकळे केस पण नको. गॉगल मात्र हवाच. स्पीडही बघा, साध्या लोखंडाला ३ मिमी बिट साधारण २५०० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) चालतं पण १२ मिमीला ६००-७०० बास. चकची (बिट पकडणाऱ्या भागाची) चावी काढल्याशिवाय स्विचला हात लावू नका, आणि लोखंडाचा कीस ब्रशनेच झाडा, तोही मशीन पूर्ण थांबल्यावर.