अकरा महिन्यांचा नोटरी कागद आणि घरातली रिकामी खोली

नागपुरातल्या त्रिमूर्तीनगरच्या एका निवृत्त शिक्षिकेचा प्रश्न आहे. मुलगा बंगळुरूला गेल्यावर त्याची बेडरूम रिकामी होती. व्हरांड्यातून वेगळं दार, आत बाथरूम. मिहानमध्ये नोकरी करणाऱ्या एका तरुणाला ती साडेसात हजार रुपये महिना आणि पंधरा हजार डिपॉझिटवर दिली. गेल्या वर्षी जूनमध्ये शंभराच्या स्टॅम्प पेपरवर अकरा महिन्यांचा करार केला, नोटरीही केली. मुदत एप्रिलअखेर संपली. पैसे मात्र दर महिन्याला यूपीआयने येतच राहिले. डिसेंबरमध्ये मुलगी बाळंतपणाला येणार म्हणून आता खोली मागितली, तर तो म्हणतो, "मी भाडेकरू आहे, कोर्टात जा." ताई विचारतात, कुलूप बदलू का? लाइट बंद करू का?

दोन्ही करू नका. पाणी-वीज तोडणाऱ्या मालकावर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ खाली कारवाई होऊ शकते. जबरदस्तीने बाहेर काढलंत, तर सहा महिन्यांच्या आत दावा लावून तो ताबा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात घर कोणाचं हा मुद्दा बाजूलाच राहतो. पोलिसांकडे गेलात तर बहुधा दिवाणी बाब म्हणून परत पाठवतील.

आता मुख्य गोष्ट. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज नागपुरात इतका पक्का बसला आहे की अशी पत्रं मला सारखी येतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ स्पष्ट आहे. भाड्याचा असो की लिव्ह अँड लायसन्सचा (म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता ठरावीक मुदतीपुरती वापराची परवानगी), करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. मुदत अकरा महिन्यांची आहे की अकरा दिवसांची, हे कलम विचारत नाही. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती चुकवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण तुमचा खरा तोटा त्याच कलमात पुढे आहे: नोंदणी नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबाबत राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं, ते खोटं ठरवण्याचा भार तुमच्यावर येतो. नोटरीच्या शिक्क्याने यात काही फरक पडत नाही.

तुम्ही पाठवलेला फोटो मी नीट पाहिला. वर 'लिव्ह अँड लायसन्स' लिहिलंय, खाली सगळीकडे 'भाडेकरू' आणि 'भाडे'. जागेच्या वर्णनात फक्त घर क्रमांक आहे. कोणती खोली, त्याच घरात तुम्ही स्वतः राहता, स्वयंपाकघर त्याच्याकडे नाही, यातलं एक अक्षर नाही. टायपिस्टने तयार नमुना काढून दिला आणि तुम्ही न वाचता सही केलीत. ताई, रागावतोय असं वाटलं तरी चालेल. साडेसात हजारांच्या खोलीला अकरा महिन्यांचं मुद्रांक शुल्क पाव टक्क्याने दोनशेच्या घरात जातं आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये. बाराशे रुपये वाचवून तुम्ही मुलाची खोली अडकवून बसलात. शिवाय मुदत संपल्यावर पाच महिने पैसे घेतलेत, आता तो मुदतवाढ दिली म्हणणारच.

"पण हा तर पीजी आहे," असंही तुम्ही लिहिलंय. मालक राहतो त्याच घराचा भाग लायसन्सवर घेणाऱ्याला कायदा पेइंग गेस्ट म्हणतो, आणि भाडेकरूचं संरक्षण त्याला मिळू नये ही बाजू मांडता येईल. पण वेगळं दार, त्याचं स्वतःचं कुलूप आणि तो कागद पाहता कोर्ट काय धरेल, हे मी छातीठोक सांगणार नाही. दुसरी अडचणही आहे. कायद्यातल्या 'लायसन्सी'च्या, म्हणजे लायसन्सवर राहणाऱ्याच्या, व्याख्येतून पेइंग गेस्ट वगळलेला आहे, त्यामुळे पीजी म्हणाल तर कलम २४ ची जलद वाट तुमच्यासाठी उघडी आहे का, यावरच वाद होईल.

ती वाट महत्त्वाची आहे. लायसन्सची मुदत संपली की मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, खोली परत मिळवण्यासाठी अर्ज करू शकतो. समोरच्याला समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत लढण्याची परवानगी मागावी लागते. मुदतीनंतर राहिल्याबद्दल दुप्पट दराने भरपाई मिळते, आणि करारात लिहिलेली गोष्ट निर्णायक पुरावा मानली जाते. तिथेही महिने जातात, पण भाडेकरूविरुद्धचा नेहमीचा दावा लघुवाद न्यायालयात लावून तारखांवर तारखा घेत वर्षं काढण्यापेक्षा ते कितीतरी बरं. त्या दाव्यात तुमचं नातवंड शाळेत जायला लागेल तरी निकाल येईल याची खात्री मी देऊ शकत नाही, आणि ही स्थिती मला मनापासून खुपते.

म्हणून जुना कागद सोडा. तो नोंदणीला न्यायची मुदत सहीपासून चार महिने, दंड भरून आणखी चार. दोन्ही गेल्या. त्याऐवजी त्या तरुणाला बसवून शांतपणे बोला आणि नोव्हेंबरअखेरपर्यंतचा नवा लिव्ह अँड लायसन्स करार ऑनलाइन नोंदवून घ्या. खर्च तुम्ही करा, हवं तर एका महिन्याचे पैसे सोडा. दोन महिने निश्चिंत राहायला आणि डिपॉझिट परत मिळायला बरेच जण तयार होतात. करारात खोलीचं नेमकं वर्णन, शेवटची तारीख आणि डिपॉझिट किल्ली देताना परत, हे असू द्या. मसुदा वकिलाकडून करून घ्या, नमुन्यावर नको. पोलिस ठाण्यात त्याची माहितीही तेव्हाच भरा.

तो सही करायला तयार नसेल, तर लगेच वकिलामार्फत नोटीस पाठवा की परवानगी संपली आहे आणि यापुढे येणारे पैसे हक्क अबाधित ठेवून वापराची भरपाई म्हणून घेतले जातील. मग दावा लावायला दिवाळीची वाट बघू नका. वकिलाकडे जाताना यूपीआयच्या नोंदी, वीजबिल, घरटॅक्सची पावती आणि त्याच पत्त्याचं तुमचं आधार कार्ड सोबत न्या.