'वाईट सम्राट' की 'जुलमी सम्राट'?

प्रश्न असा आला आहे: रोमवरच्या एका लेखाचा अनुवाद करताना एकाने 'डोमिशियन हा वाईट सम्राट होता' असे लिहिले. तपासणाऱ्याने 'वाईट' खोडून 'जुलमी' केले. यातले बरोबर कोणते?

मला दोन्ही पटत नाहीत. पहिल्यात काय खटकते ते आधी पाहू, कारण ते जास्त मजेशीर आहे.

'चांगला शिंपी' आपण सहज म्हणतो, 'वाईट शिंपी' कोणी म्हणत नाही. त्याने कापड बिघडवले तर 'शिंपी काही बरा नाही' किंवा 'त्याच्या हाताला सफाई नाही' असे म्हणतो. 'वाईट डॉक्टर' म्हटले की ज्याच्या औषधाला गुण नाही तो डोळ्यांपुढे येत नाही, पेशंटला लुबाडणारा येतो. म्हणजे 'चांगला' धंद्याला लागतो आणि 'वाईट' थेट माणसाला. म्हणून नर्व्हा ते मार्कस ऑरेलियस या पाच जणांना 'पाच चांगले सम्राट' म्हटलेले कानाला खटकत नाही. 'वाईट सम्राट' वाचल्यावर मात्र प्रश्न पडतो की हा गृहस्थ दुष्ट होता, की त्याला राज्य चालवता येत नव्हते? आपल्या गोष्टींतही 'दुष्ट राजा' असतो, 'वाईट राजा' क्वचितच.

आणि डोमिशियनच्या बाबतीत सगळा घोळ नेमका इथेच आहे. त्याने इ.स. ८१ ते ९६ राज्य केले. स्वेटोनियस हा चरित्रकार त्याच्यावर मुळीच खूश नाही, पण तोही लिहितो की डोमिशियनने प्रांतांच्या सुभेदारांवर असा वचक ठेवला, की ते त्याच्या काळाइतके प्रामाणिक आणि न्यायी कधीच नव्हते. सैनिकाचा वर्षाचा पगार त्याने २२५ देनारियसवरून (हे रोमचे चांदीचे नाणे) ३०० वर नेला. त्याच माणसाने राजद्रोहाच्या खटल्यांत एकामागून एक सिनेटर, म्हणजे रोमच्या उमरावांच्या सभेचे सभासद, संपवले. आपल्या कारभाऱ्यांच्या नावे काढलेल्या पत्रात स्वतःला 'आमचा स्वामी आणि देव' म्हणवून घेतले, असेही स्वेटोनियसच सांगतो. असा माणूस वाईट होता म्हणा हवे तर. राज्य वाईट केले, असे म्हणताना मात्र दहादा विचार करावा लागेल.

आता 'जुलमी'. जुलूम हा शब्द अरबी-फारसीतून आला, पण मराठीत तो 'वर' घेऊन नांदतो: रयतेवर जुलूम, सुनेवर जुलूम. त्यामुळे 'जुलमी' लिहिले की 'कोणावर?' याचे उत्तर वाक्यात नसले तरी वाचक मनात धरतो, आणि बहुधा 'प्रजेवर' असेच धरतो. डोमिशियनसाठी ते उत्तर चुकीचे ठरेल. १८ सप्टेंबर ९६ रोजी राजवाड्यातल्याच लोकांनी त्याचा खून केला, तेव्हाचे वर्णन स्वेटोनियसने केले आहे. सिनेटला आनंदाचे भरते आले, शिड्या आणवून त्याच्या ढाली आणि प्रतिमा खाली आपटल्या, शिलालेखांतून त्याचे नाव खोडायचा ठराव झाला. सैन्य हळहळले, त्याला देवपद द्यायला निघाले. सामान्य लोकांना ना सुख ना दुःख. आणि इतिहास लिहायला बसले ते टॅसिटस आणि धाकटा प्लिनी, दोघेही सिनेटर. दोघांची बढती डोमिशियनच्याच कारकिर्दीत झाली होती, टॅसिटस तर ८८ साली प्रेटर (वरिष्ठ न्यायाधिकारी) होता. (आपल्यावर मेहेरबान असलेल्या साहेबाबद्दल साहेब गेल्यावर असेच बोलले जाते, पण ते असो.)

'हुकूमशहा' चालेल का, हा उपप्रश्न. नको. रोममध्ये डिक्टेटर हे कायदेशीर पद होते, संकटकाळी जास्तीत जास्त सहा महिन्यांसाठी दिले जाणारे. ज्युलियस सीझरने ते तहहयात घेतले, त्याच्या खुनानंतर ते रद्द झाले. पहिला सम्राट ऑगस्टस याला इ.स.पू. २२ मध्ये लोक देऊ करत होते, तरी त्याने नाकारले. मग डोमिशियनला हुकूमशहा म्हटले तर तोच शब्द सीझरसाठी वापरताना पंचाईत होते. 'मोगलाई', 'झोटिंगशाही' हे आपले झणझणीत शब्दही इथे नकोत. मोगलाईत अंदाधुंदी अभिप्रेत आहे, आणि डोमिशियनकडे शिस्त जरा जास्तच होती.

अनुवादकासाठी आणखी एक खड्डा. कारकिर्दीच्या सुरुवातीला तो रोज एकटाच बसून माश्या पकडायचा आणि लेखणीच्या टोकाने टोचायचा, अशी गोष्ट आहे. आत सम्राटाजवळ कोणी आहे का, असे विचारल्यावर व्हिबियस क्रिस्पस या दरबारी माणसाने 'माशीसुद्धा नाही' असे उत्तर दिले म्हणतात. हे मराठीत 'सम्राट माश्या मारत बसे' असे उतरवले, तर क्रूर माणसाचा आळशी माणूस होईल! 'माश्या टोचत बसे' लिहावे.

मूळ वाक्याबद्दल माझी सूचना: विशेषण काढून टाका आणि क्रियापदाला काम द्या. 'डोमिशियनने कारभार चोख ठेवला, पण सिनेटरांचा छळ मांडला.' एकच विशेषण हवे असा आग्रह असेल तर 'संशयी' घाला. कट उघडकीला आला म्हणून सांगितले तरी राजा मारला जाईपर्यंत त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, अशी तक्रार तो स्वतःच करत असे.