पदवीची किंमत आणि कमिशनची तारीख

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. चार वर्षं इंजिनिअरिंग, दोन वर्षं कंपनीत नोकरी, आणि आता टीजीसीतून, म्हणजे इंजिनिअरांसाठीच्या टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्समधून, डेहराडूनच्या लष्करी अकादमीत (आयएमए) जायचं तर ही सहा वर्षं लष्कर कुठे मोजणार, हा तुझा प्रश्न. सरळ सांगतो, कंपनीतली दोन वर्षं कुठेच मोजली जाणार नाहीत. पदवीचं थोडं वेगळं आहे.

लष्करात घड्याळ कमिशनच्या, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणुकीच्या, तारखेला सुरू होतं. तिथून 2 वर्षांनी कॅप्टन, 6 वर्षांनी मेजर, 13 वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. या बढत्या काळाच्या हिशोबाने मिळतात, अर्थात बाकी अटी पुऱ्या केल्या तर. आयएमएतलं प्रशिक्षणाचं वर्ष यात धरत नाहीत. त्या वर्षी तुला दरमहा 56,100 रुपये स्टायपेंड मिळेल आणि पास आउट झाल्यावर पगाराच्या तक्त्यातल्या लेव्हल 10 च्या पहिल्या घरातला मूळ पगारही तेवढाच, 56,100. वर महिना 15,500 मिलिटरी सर्व्हिस पे (एमएसपी) आणि भत्ते. लेफ्टनंट ते ब्रिगेडियर, सगळ्यांना एमएसपी सारखाच, त्यामुळे तिथे पदवीचा काही संबंध नाही.

मग पदवी कुठे कामी येते? एक तर दार उघडायला. दुसरं म्हणजे अँटी-डेट, म्हणजे सीनियॉरिटीची तारीख कागदोपत्री मागे नेणं. आमच्या वेळी इंजिनिअरांना ती मिळायची. पुढे टीजीसीच्या जाहिरातींत एक वर्षाची अँटी-डेट छापून येई. तुझ्या कोर्सला ती आहे की नाही, हे कुणा सीनियरच्या तोंडून ऐकू नकोस, मीही त्यात आलो. तुझ्याच कोर्सच्या जाहिरातीतला तो परिच्छेद शोध. त्यात अँटी-डेट फक्त बढतीसाठी धरायची की पगारवाढीसाठीही, हेही बघ. पोरं नेमकं हेच वाचत नाहीत.

डॉक्टरांचं तू लिहिलंस. हो, आर्मी मेडिकल कोअरमध्ये ते थेट कॅप्टन म्हणून येतात. मूळ पगार 61,300, त्यावर 20 टक्के एनपीए, म्हणजे खाजगी प्रॅक्टिस न करण्याचा भत्ता. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं घालवून आलेला माणूस त्याशिवाय येणार कशाला? जॅगमध्ये, म्हणजे लष्कराच्या कायदा शाखेत, मात्र पाच वर्षं कायदा शिकलेला वकीलही लेफ्टनंट म्हणूनच लागतो. तेव्हा किती वर्षं शिकलास यावर रँक ठरते, हा समज डोक्यातून काढून टाक.

अँटी-डेटचं दुसरं अंग कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझ्याबरोबर त्याच सकाळी, त्याच परेडमध्ये अंतिम पग, म्हणजे पास आउट होतानाची शेवटची पायरी, ओलांडलेला एक एनडीएवाला पहिल्या युनिटमध्ये माझ्या शेजारच्या खोलीत होता. खडकवासल्याची तीन वर्षं आणि आयएमएचं एक, असा चार वर्षांचा रगडा खाऊन आलेला. अँटी-डेटमुळे यादीत मी त्याच्या वर. मेसमध्ये पहिल्याच आठवड्यात त्याने मला ‘सर’ म्हटलं आणि पाण्याचा ग्लास जरा जोरात टेबलावर ठेवला. वयाने मी मोठा होतो, पण नकाशावर बोट ठेवून जवानांना तुकडीचं काम समजावून सांगणं त्याला जमायचं, मला नाही. सहा महिने त्याच्याकडून शिकलो, बहुतेक वेळा रात्री, त्याच्याच खोलीत. यादीतलं माझं वरचं स्थान तेव्हा मला फार खुपायचं.

पैशाचा गोंधळ वेगळाच. माझी सीनियॉरिटी बदलल्याची नोंद डीओ पार्ट टूमध्ये, म्हणजे सेवेतले बदल नोंदवणाऱ्या युनिटच्या आदेशात, निघालीच नव्हती आणि ती निघाल्याशिवाय पगारात फरक पडत नाही. चूक क्लार्कची होती, पण चौदा महिने पगाराची स्लिप न बघता ड्रॉवरमध्ये टाकणारा मीच. तू दर महिन्याला स्लिप बघ आणि पार्ट टूची प्रत स्वतःजवळ ठेव.

आता तुझा खरा हिशोब, वयाचा. तू 26 व्या वर्षी कमिशन घेतलंस तर 39 व्या वर्षी लेफ्टनंट कर्नल होशील. बाविसाव्या वर्षी आलेला एनडीएवाला पस्तिसाव्या वर्षी. कर्नलची बढती निवडीतून. तिथे न निवडल्या गेलेल्यांना 26 वर्षांच्या सेवेनंतर टाइम स्केल कर्नल, म्हणजे निवडीशिवाय नुसत्या सेवाकाळावर कर्नलपद, मिळतं, म्हणजे तुला 52 व्या वर्षी. कर्नल 54 ला निवृत्त होतो. वरच्या रँक गाठायला त्या एनडीएवाल्यापेक्षा तुझ्या हातात चार वर्षं कमी राहतील, आणि एका वर्षाची अँटी-डेट मिळाली तरी ती सगळी भरून निघत नाहीत. हे आजच वहीत मांड. अकरा-बारा वर्षांनी कॉलेजच्या मित्राचा पगार ऐकून मांडायला बसलास तर आकडे हेच असतील, पण वाचणारा माणूस चिडलेला असेल.

पगारासाठीच यायचं असेल तर कंपनी बरी, असं माझं मत. त्यावर तुझं उत्तर काय, ते पुढच्या पत्रात कळव. आणि जाहिरातीतल्या त्या परिच्छेदाचा फोटो पाठव, जरा मोठा काढ, चष्म्याचा नंबर वाढलाय.

तुझा,
काका