प्रसूतीच्या कळा सुरू असताना सिस्टर दर अर्ध्या तासाने कागदावर कसल्या खुणा करतात?

तुमच्या बहिणीच्या बाळंतपणात सिस्टर पोटावर हात ठेवून घड्याळ बघायच्या, कागदावर ठिपके काढायच्या आणि विचारलं की ‘चाललंय नीट’ एवढंच सांगायच्या, असं तुम्ही लिहिलंय. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात हेच काम करते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

त्या कागदाला पार्टोग्राफ म्हणतात. पोटावर हात ठेवून आम्ही १० मिनिटांत किती कळा आल्या आणि प्रत्येक कळ किती सेकंद टिकली ते मोजतो. बाई किती ओरडते यावरून कळांचा जोर कळत नाही; काही जणी दात आवळून सोसतात. बाळाचे ठोके कळ ओसरल्याबरोबर, पूर्ण मिनिटभर ऐकायचे, कारण कळेत बाळाकडे जाणारं रक्त कमी होतं आणि त्यातून ते कसं सावरतं हे तेव्हाच समजतं. ११० ते १६० ठीक. सोबत आईची नाडीही बघायची, नाहीतर तिचेच ठोके बाळाचे समजले जाण्याची भीती असते.

पिशवीचं तोंड किती उघडलं, ही आतली तपासणी मात्र साधारण ४ तासांनीच. ‘एकदा बघा ना’ असा नातेवाइकांचा आग्रह असतो, पण दर वेळी तिला त्रास होतो आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. बाळाचं डोकं किती खाली आलं ते पोटावरूनही चाचपता येतं. पाणमोट फुटली असेल तर पाणी स्वच्छ आहे की हिरवट, हेही लिहायचं. हिरवट म्हणजे बाळाने आत शी केलेली असते.

कागदावरच्या दोन तिरप्या रेषा १९७२ मध्ये फिलपॉट आणि कासल या डॉक्टरांनी ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, सुचवल्या. पहिली रेषा पिशवीचं तोंड तासाला १ सेंमी उघडण्याच्या वेगाची, दुसरी तिच्यापुढे ४ तासांवर. लांबच्या केंद्रातल्या बाईला मोठ्या रुग्णालयात पोहोचवायला तेवढा वेळ हाताशी राहावा, हा हेतू. आमच्याकडेही आलेख पहिल्या रेषेच्या उजवीकडे सरकू लागला की रुग्णवाहिकेची तयारी सुरू होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या नव्या तक्त्यात मात्र या रेषा नाहीत. प्रत्येकीचा वेग वेगळा असतो हे त्यात मान्य केलंय, आणि प्रसूतीचा वेग तोंड ५ सेंमी उघडल्यापासून मोजतात. सोबतीला कोणी आहे का, ती पाणी पितेय का, याचीही त्यात नोंद असते. मला हा बदल फार मोलाचा वाटतो.

तक्ता कुठलाही असो, तो त्या त्या वेळी भरला तरच उपयोगाचा. बाळंतपण उरकल्यावर बसून भरलेला कागद त्या बाईच्या काहीच कामाचा नाही. म्हणून पुढच्या वेळी ‘अजून किती वेळ?’ ऐवजी शांतपणे विचारा: शेवटची तपासणी किती वाजता झाली, तेव्हा तोंड किती उघडलं होतं, आणि आत्ता ठोके किती आहेत? ही माहिती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.