घरात सायकल ठेवायला कुठला स्टँड घ्यावा, भिंतीचा की जमिनीवरचा?

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं: घर भाड्याचं, दोन सायकली, एक डिस्क ब्रेकवाली एमटीबी (म्हणजे माउंटन बाइक) जी रोज बाहेर निघते आणि एक लेडीज फ्रेमची जी कधीतरी निघते, दोन्ही पॅसेजमध्ये भिंतीला टेकवलेल्या, एकीला धक्का लागला की दुसरी धाडकन खाली. आणि आता भिंतीत ड्रिल मारून हुकवाला स्टँड लावावा असं मनात आहे.

लावू नका. निदान एमटीबीसाठी तरी नको. मी लावला होता म्हणून सांगतोय.

माझा पहिला स्टँड भिंतीतून दोन दांडे बाहेर येतात आणि त्यावर सायकलची वरची नळी ठेवायची, असा होता. फोटोत मस्त दिसतो, एकदम शोपीस. पण फोटोत सायकल असते रोड बाइक, तिचं हँडल असतं ४२ सेंमीच्या आसपास. माझ्या एमटीबीचं हँडल ७६ सेंमी, म्हणजे नळीच्या मधोमधपासून एका बाजूला ३८ सेंमी, आणि स्टँडचे दांडे ३० सेंमी लांब! आता ८ सेंमी हँडल भिंतीत घुसणार का? मग काय, दर वेळी हँडल वाकडं फिरवून ठेवायचं, तरी ग्रिप भिंतीला घासायचीच. विकत घेताना टेप लावून मोजलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं, पण तेव्हा वाटलं सायकल ती सायकल, त्यात काय मोजायचं.

त्यात भिंत निघाली हलक्या ब्लॉकची. या ब्लॉकमध्ये ड्रिल लोण्यात गेल्यासारखं जातं, तेव्हाच शंका यायला हवी होती. नेहमीचा प्लास्टिकचा प्लग त्यात नीट पकड घेत नाही, स्क्रू पिळला की तो गोल गोल फिरतच राहतो. अशा ब्लॉकसाठी वेगळे अँकर मिळतात, मी वापरले नाहीत. दोन आठवडे टिकलं आणि एका रात्री प्लास्टरच्या खपलीसकट सगळं खाली. सायकल पडली ती उजव्या अंगावर, म्हणजे बरोब्बर गिअरच्या बाजूवर, मागचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) जिथे अडकवलेला असतो तो हँगर वाकला आणि नंतर कितीही ट्यूनिंग केलं तरी चेन मधल्या गिअरमध्ये उड्या मारायची, शेवटी हँगरच बदलला. (सायकल भिंतीला टेकवायचीच झाली तर डावी बाजू भिंतीकडे ठेवा. म्हणजे चेनचं काळं भिंतीला लागत नाही आणि डिरेलरवर दाबही येत नाही.)

दुसरा मुद्दा वजनाचा. एमटीबी साधारण १३ ते १५ किलोची असते, ती रोज दमून आल्यावर छातीपर्यंत उचलायची, हे चार दिवस होतं. पाचव्या दिवशी सायकल परत पॅसेजमध्ये आणि स्टँडवर ओले टॉवेल, आमच्याकडे हेच झालं. उभं लटकवायचा हुक त्या मानाने सोपा, कारण सायकल मागच्या चाकावर उभी करायची, ढकलत न्यायची आणि पुढचं चाक अडकवायचं, पूर्ण वजन हातावर येत नाही. पण त्यालाही भिंतीत भोक पाडावंच लागतं, सायकल खोलीत मीटरभर पुढे येते, आणि हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक असतील आणि तेलाच्या लाइनमध्ये थोडी हवा असेल तर उभं ठेवल्यावर ती कॅलिपरकडे (चाकाजवळ डिस्कला पकडणारा भाग) सरकते आणि सकाळी लिव्हर एकदम ढिला लागतो. घाबरू नका, सायकल परत दोन्ही चाकांवर ठेवून लिव्हर काही वेळा दाबला की बहुतेक वेळा पूर्ववत होतो, पण उतारावर निघण्याआधी तपासा. आणि रोजच असं व्हायला लागलं तर ब्रेक ब्लीड करून (लाइनमधली हवा काढून) घ्यायची वेळ आली समजा.

तर रोजच्या सायकलसाठी जमिनीवरचा. यातही दोन जाती आहेत. एकात चाक खाचेत सरकवतात, दुसरा मागच्या चाकाजवळच्या फ्रेमच्या नळ्यांना हुकने पकडतो. खाचेवाला घेणार असाल तर तो चाक किती उंचीवर धरतो ते बघा. नुसता तळाशी धरणारा तारेचा स्टँड नको, सायकल कलली की सगळा जोर चाकावर आणि डिस्कवर येतो. माझी डिस्क अशीच किंचित वाकली आणि पुढे महिनाभर चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला खस्स, खस्स, खस्स. चाक मागूनही वरपर्यंत धरणारा असेल तर छान, ढकललं की बसलं, ओढलं की निघालं, एका हाताचं काम. फक्त टायरवरचा आकडा बघून घ्या. २९×२.२ लिहिलं असेल तर टायर २.२ इंच म्हणजे साडेपाच सेंमीच्या आसपास रुंद, तेवढी खाच हवी. रोड बाइकसाठी बनवलेल्या स्टँडमध्ये हा टायर जाणारच नाही, आणि उलट केलं तर बारीक टायर डुगडुगतो.

हुकवाला स्वस्त, घडी होतो, पण डिस्क ब्रेकचा कॅलिपर नेमका त्याच कोपऱ्यात बसलेला असतो, हुक त्याला लागतोय का ते सायकल सोबत नेऊन बघितल्याशिवाय घेऊ नका.

लेडीज फ्रेमवाली कधीतरीच निघते ना, मग तिला जागा कमी लागली पाहिजे एवढंच. ड्रिल न मारता दोन सायकली एकावर एक ठेवायचे भिंतीला टेकणारे स्टँड मिळतात, ते वजनावरच उभे राहतात. तसाच छत आणि जमिनीच्या मध्ये ताणून बसवायचा खांब मिळतो, पण वर पीओपीचं फॉल्स सीलिंग असेल तर तो विषय सोडा, आरपार जाईल. दोन्हीत अडचण एकच, त्यांना आडवी वरची नळी लागते आणि तुमच्या या सायकलला ती नाहीच. त्यासाठी सीटच्या नळीपासून हँडलच्या नळीपर्यंत अडकवायचा एक सुटा दांडा मिळतो, तो घ्यावा लागेल. मला विचाराल तर तुमच्या केसमध्ये हा सगळा खटाटोप नको, दोन्हींसाठी साधे खाचेवाले घ्या आणि सायकली उलटसुलट तोंडाने ठेवा, एकीचं हँडल दुसरीच्या सीटकडे, म्हणजे हँडलं एकमेकांत अडकत नाहीत आणि बरीच जागा वाचते.

स्टँड येईपर्यंत एक जुगाड करा. जुन्या ट्यूबची बोटभर रुंद रिंग कापा आणि पुढचा ब्रेक दाबून लिव्हर आणि ग्रिपभोवती ती चढवा. झाला हँडब्रेक. टेकवलेली सायकल बहुतेक वेळा पुढचं चाक घरंगळल्यामुळेच पडते, ते थांबलं की निम्मी कटकट गेली.

पॅसेजची रुंदी आणि दोन्ही टायरवरचे आकडे कमेंटमध्ये टाका, म्हणजे उलटसुलट ठेवून बसतील का ते हिशोब करून सांगतो.