‘माझ्यामुळे सगळे खोळंबतील’

चीनची आठ दिवसांची ग्रुप टूर: बीजिंग, शिआन, शांघाय. पैसे भरायला चार दिवस उरले होते आणि ६८ वर्षांच्या काकू एकच वाक्य धरून बसल्या होत्या: “माझ्यामुळे सगळे खोळंबतील.” या वयात एकट्याने टूरला निघणाऱ्या बऱ्याच जणांच्या मनात हेच असतं.

“काही होत नाही हो” म्हटल्याने ही भीती जात नाही. म्हणून आधी गुडघ्यांचा हिशेब मांडला. काकू सोसायटीत रोज ४० मिनिटं चालतात, पण सपाटीवर. चीनच्या भिंतीच्या पायऱ्या एकसारख्या नाहीत. एखादी वीतभर, पुढची जवळजवळ गुडघ्याएवढी. त्यात चढण्यापेक्षा उतरताना गुडघा जास्त कुरकुरतो. डॉक्टरांना विचारून दोन मजल्यांचा जिना, कठडा धरून, एक दिवसाआड सुरू केला. त्या वेळी किती दम लागला एवढंच बघायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजतो का, तेही बघायचं.

खरी गाठ नंतर सापडली. तीन वर्षांपूर्वी एका यात्रेत बस त्यांच्यासाठी दहा मिनिटं थांबली होती आणि मागून कुणीतरी म्हणालं, “आलं का लगेज?” तेव्हापासून प्रवासात त्या पाणीच पीत नव्हत्या, स्वच्छतागृह शोधायला लागू नये म्हणून. लघवी वाढवणारी गोळीही गुपचूप टाळायच्या. मग दुपारी चक्कर, आणि परत मागे पडणं. हे इतकं सर्रास चालतं की मुद्दाम विचारावं लागतं. आपणहून कुणी सांगत नाही. गोळीची वेळ डॉक्टरांनी बदलून दिली. पाण्याची चीनमध्ये अडचण नाही: हॉटेलच्या खोलीत किटली, वेगवान गाड्यांत उकळत्या पाण्याचा नळ. थर्मास मात्र हवा. खिशात टिश्यूही हवेत, कारण सार्वजनिक स्वच्छतागृहात कागद असेलच असं नाही आणि बऱ्याच ठिकाणी उकिडवंच बसावं लागतं.

मग “मी इथे बसते, तुम्ही जाऊन या” हे वाक्य मोठ्याने म्हणायचा सराव. पहिल्यांदा त्या “सॉरी हं” जोडूनच म्हणाल्या.

पण हे वाक्य सगळीकडे चालत नाही. चीनच्या भिंतीच्या मुतिआन्यू या भागात केबल कार १४व्या बुरुजाशी सोडते. ग्रुप तिथूनच परत उतरणार असेल तर खुशाल बसावं. फॉरबिडन सिटीत, म्हणजे बीजिंगच्या जुन्या राजवाड्यात, दक्षिणेच्या दारातून आत शिरून सहसा उत्तरेच्या दारातून बाहेर पडायचं असतं, मधलं अंतर सरळ रेषेतच जवळजवळ एक किलोमीटर. तिथे मध्येच बसलात तर ग्रुप परत येतच नाही. त्यामुळे टूर कंपनीला रोजच्या कार्यक्रमाबद्दल विचारायचं: चालणं किती, पायऱ्या किती, आणि बाहेर पडायचं दार तेच की दुसरं? ‘ज्येष्ठांसाठी सोयीची टूर’ या शब्दांवर विसंबू नये.

लेकीशी फोनचंही ठरलं. तिथल्या वायफायवर व्हॉट्सॲप चालत नाही. इथल्याच सिमचं रोमिंग घेतलं तर सहसा चालतं. चीन अडीच तास पुढे, म्हणून तिथले साडेआठ म्हणजे इथले संध्याकाळचे सहा.

अनोळखी बाईबरोबर खोली वाटून घ्यायचं मात्र काकूंना पटलं नाही. “रात्री तीनदा उठते मी. ते कुणाला सांगत बसू?” त्यांनी जादा पैसे भरून स्वतंत्र खोली घेतली.